हादरेसाहेब

शिर्डीत कुणालाही हाक मारायला 'साईराम' पुरतं. एका माणसाला मात्र लॉजवाल्यांनी खास नाव बहाल केलंय: हादरेसाहेब. खरं आडनाव लेटरहेडवर आहे. पण लेटरहेड हातात पडलं की माणूस आधी खालचा फीचा आकडा बघतो.

साहेब स्ट्रक्चरल इंजिनीअर. वास्तुशांतीला बोलावलं, तर देवाला हात जोडायच्या आधी कॉलमला टिचकी मारतात. म्हणून हल्ली आमंत्रण त्यांना दुसऱ्या दिवशी पोचतं. साइटवर त्यांची गाडी दिसली की फिटर घाईघाईनं रिंगांचे हूक नव्वदाऐवजी एकशे पस्तीस अंशांत वाकवायला लागतात.

लॅपटॉपमध्ये साहेब गिऱ्हाइकाचं लॉज कॉलम-बीमसकट उभं करतात आणि त्याच्या पायाला कोयनेच्या भूकंपाचा हादरा देतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे धरणातल्याच यंत्रानं टिपलेली ती नोंद जगभरचे धरणतज्ज्ञ अजून वापरतात. शिर्डीच्या लॉजला ती जरा जास्तच झाली, असं माझं मत. पण ते साहेबांसमोर बोलायची माझी छाती नाही.

परवा एका शेठना असंच दाखवलं. वर चार मजले खोल्या, खाली नुसते खांब आणि पार्किंग. पडद्यावर इमारत झिंगल्यागत डुलायला लागली. वरचे मजले भिंतींमुळे ताठ. सगळे हेलकावे खालच्या खांबांना.

"अरे बाप रे! एवढी हलणार?"

"दोनशे पट मोठं करून दाखवलंय."

"मग लहान करून दाखवा ना!"

साहेबांनी कपाळाला हात लावला. २६ जानेवारी २००१ ला भूकंप कच्छात झाला, पण दोनशेवर किलोमीटर लांबच्या अहमदाबादेत असल्याच पार्किंगवरच्या इमारती बसल्या, हे सांगून झालं.

"साहेब, इथं बाबा बसलेत!"

"बाबा बसलेत. इमारत बसू नये म्हणून मी आलोय. खाली काँक्रीटच्या भिंती घाला."

शेठनी मनात हिशोब केला. दोन गाड्यांची जागा जात होती.

"एकच भिंत घातली तर किती रिश्टर चालतील?"

"रिश्टर भूकंपाचे असतात, शेठ, इमारतीचे नाही! भूकंप किती लांब, खाली काळी माती का खडक, तुमचे मजले किती, यावर डोलणं ठरतं. आणि भिंत एकाच बाजूला घातली तर इमारत पीळ खाईल!"

साहेबांचा आवाज चढला, चहा निवला. शेवटी शेठ दोन भिंतींना तयार झाले. फी मात्र एकाच भिंतीची लावा म्हणाले.

उठताना त्यांनी हळूच विचारलं, "तो डुलणारा व्हिडिओ मला व्हॉट्सॲप कराल?"

साहेबांचा चेहरा खुलला. "पुन्हा नीट बघायचाय?"

"छे हो! शेजारच्या लॉजवाल्याला पाठवतो. म्हणावं, ही तुझी."