असईची लढाई दोन दिवसांत कशी हरावी

इंग्लंडात स्थायिक झालेल्या मराठी माणसास, शेजारधर्माच्या किंवा कचेरीतील ओळखीच्या ओघात, एखाद्या खेड्याच्या सभागृहात शनिवार-रविवारी भरणाऱ्या ऐतिहासिक लघुयुद्धांच्या मेळाव्याचे आमंत्रण केव्हा ना केव्हा येण्याचा संभव असतो; आणि ज्या अर्थी तो मराठी आहे त्या अर्थी त्याच्या वाट्यास २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई व तीतही शिंद्यांची बाजू येणार, हे ठरलेलेच समजावे. अशा प्रसंगी आब राखून पराभूत कसे व्हावे, याविषयीचा एकही ग्रंथ माझ्या पाहण्यात नसल्याने पुढील सूचना नवागतांच्या सेवेस सादर करीत आहे.

प्रथम या विद्येच्या कुळाविषयी आदर बाळगावा. हा पोरखेळ आहे असे मनात आले तरी ओठांवर आणू नये. १८२४ साली फोन राइसविट्झ या प्रशियन लेफ्टनंटाने नकाशा, ठोकळे आणि फासे यांच्या साहाय्याने लढाया खेळण्याची नियमावली सिद्ध केली व खुद्द सरसेनापतींच्या दफ्तराने ती उचलून धरली. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने शिशाचे शिपाई आणि लाकडी गोळी उडवणारी खेळण्यातली तोफ यांवर एक समग्र पुस्तकच लिहिले. वेल्ससाहेबांची तोफ मात्र आता बंद पडली आहे, कारण ज्याच्या पगडीवर आपण हिवाळ्यातल्या दोन संध्याकाळी खर्च केल्या, त्या शिपायावर लाकडी गोळी झाडण्याइतका क्रूर मनुष्य या रणशूरांत आढळत नाही.

दुसरी बाब प्रमाणाची. शिपाई अठ्ठावीस मिलिमीटर उंचीचा असून, आमच्या यजमानांच्या हिशेबाने, असा एक शिपाई म्हणजे प्रत्यक्षातले तीस. इंग्रज सेनापती वेलस्लीच्या साडेनऊ हजारांची सोय तीनशेच्या वर पुतळ्यांत होते; पोलमान या हॅनोव्हरच्या गृहस्थाच्या हाताखाली शिंद्यांनी ठेवलेल्या कवायती कंपूंचीही साधारण तितक्यांत होते; परंतु शिंदे-भोसल्यांचे तीस हजारांवरचे घोडदळ या प्रमाणात मांडावयाचे म्हटल्यास हजारावर घोडे रंगवावे लागतील, आणि घोडा रंगवणे हे शिपाई रंगवण्याच्या दुप्पट कष्टाचे काम आहे. सबब टेबलाच्या एका कोपऱ्यात मूठभर स्वार स्वस्थ उभे दिसतील. त्यावर हरकत घेऊ नये. घेतल्यास यजमान चष्मा कपाळावर चढवून सांगतात की, त्या दुपारी मूळचे घोडदळही बहुतांशी असेच उभे होते. आणि दुर्दैव असे की ते खरे आहे. आमच्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा उंच असतो आणि महाराज महादरवाजातून कधीच आत जाऊ शकणार नाहीत, तरी कोणी प्रमाण विचारीत नाही, ही गोष्टही या मंडळींना सांगू नये. मी सांगितली, तेव्हा त्यांनी त्या मातीच्या मावळ्याची उंची मिलिमीटरांत विचारली.

पुतळा उचलताना पायाखालच्या चकतीला धरून उचलावा, संगिनीला धरून कदापि नाही. चहाचा पेला टेबलावरच्या जुई नदीत ठेवू नये.

आता रणभूमीविषयी. येथे मात्र नवागताने आपला आवाज थोडा चढवावा, अशी माझी शिफारस आहे, कारण टेबलावर जो प्रदेश पसरलेला असतो तो पिवळ्या वाळूचा असून त्यात दोन ताडाची झाडे आणि एक उंट असतो. अहो, ते गाव भोकरदनच्या बाजूचे! पावसाळा सरत आलेला, जमीन काळीभोर, शेते हिरवी. उंट कशाला पाहिजे? हे मी सविनय, लेखी आणि पुढे काहीसे कमी सविनय असे सगळ्या प्रकारांनी कळवून पाहिले. उत्तर आले की वाळू सरस लावून पक्की चिकटवलेली आहे, आणि तीच मैदाने ईजिप्तच्या मोहिमेलाही उपयोगी पडतात. एका वर्षी मात्र ताड गेले व त्यांच्या जागी बाभळी आल्या. काटे टूथब्रशच्या तारांचे होते. उंट आहे तेथेच आहे.

लढाईचा निकाल फाशांवर असतो, असा नवागताचा समज करून देण्यात येतो. या खेळाच्या काही नियमावल्यांत प्रत्येक सेनापतीस एक अंक बहाल केलेला असतो आणि दोन फाशांची बेरीज त्या अंकाइतकी किंवा कमी पडली तरच त्याचा हुकूम पलटणीस पोचतो. नऊ अंकाच्या सेनापतीचा हुकूम छत्तीसांत तीस वेळा पाळला जातो, साताच्या सेनापतीचा एकवीस वेळा. वेलस्लीला नऊ आणि पोलमानला सात, असे यजमानांनी आपल्या अभ्यासिकेत एकदा लिहून ठेवले की पुढे दोन दिवस आम्ही जे करतो ती निव्वळ अंमलबजावणी होय. वास्तविक वेलस्ली केळणा नदी ओलांडून बाजूवर आला तेव्हा पोलमानने आपली अख्खी फळी अशा शिताफीने वळवून त्याच्या समोर आणली की तो चकित झाला. असे वळण घेणारा सरदार साताचा? या एका अंकाच्या वाढीसाठी माझा अर्ज बरीच वर्षे विचाराधीन आहे.

शिवाय उताराचा प्रश्न आहेच. वाटाडे नदीला उतार नाही म्हणत असता, समोरासमोरच्या तीरांवर पिंपळगाव आणि वरूड अशी दोन गावे दिसताच मध्ये उतार असलाच पाहिजे असे वेलस्लीने ताडले, हे सभागृहातल्या चहा ओतणाऱ्या बाईंनाही पाठ आहे. मग शिंद्यांच्या सेनापतीने पहिल्याच पाळीत तेथे तोफा का रोखू नयेत? असे करणे असभ्यपणाचे मानतात. उलटपक्षी, इंग्रजांच्या उजव्या टोकाची तुकडी वाट चुकून थेट असई गावाच्या तोफांसमोर गेली व तिच्यामागून गेलेल्या ७४व्या पलटणीची दाणादाण उडाली, ती चूक कोणी आपण होऊन करीत नाही. जाणते पंच यावर असा तोडगा काढतात की लढाईचे नाव, देश व गणवेश बदलून ती खेळाडूंपुढे ठेवायची. एकदा आमच्या पंचांनी असई अमेरिकेत नेली होती. अर्ध्या तासात एकाने ती ओळखली, उतारावर तोफा रोखल्या, आणि मला मनातून फार बरे वाटले.

गणवेशावरील शेवटच्या गुंडीपर्यंत मोजणारे एक सद्‌गृहस्थ प्रत्येक मेळाव्यात असतात. ते शिंद्यांच्या गोलंदाजाच्या कमरबंदाचा रंग तुम्हांला विचारतील, कारण तुम्ही मराठी आहात. क्षणभरही न थांबता उत्तर द्यावे.

गोलंदाजांवरून आठवले. इंग्रज फळी तोफांवरून पुढे गेल्यावर मेल्याचे सोंग करून पडलेले आमचे गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा फिरवून शत्रूच्या पाठीवर मारा केला. म्हणून शिंद्यांच्या बाजूने पडलेला गोलंदाज टेबलावरून उचलण्याची घाई कधीही करू नये. फाशावर सहा पडले की तो उठतो, असा नियम यजमानांनी कोणीही न मागता घातलेला आहे. एवढेच नव्हे, तर उताणा पडलेल्या त्या गोलंदाजाचा पुतळा उलटा करून पाहिल्यास पाठीवरचा घामाचा डागदेखील रंगवलेला आढळतो, जो खेळात कोणाला दिसण्याचे कारण नाही. वेलस्लीला नऊ देणाऱ्या मनुष्याने हे करावे, याचा उलगडा मला झालेला नाही, आणि म्हणूनच दर वर्षी त्या लांबच्या खेड्यापर्यंत गाडी हाकीत जातो.

रविवारी चारच्या सुमारास, प्रत्यक्षात तीनेक तासांत आटोपलेली ही लढाई अर्धवट असतानाच, सभागृह बॅडमिंटनवाल्यांच्या स्वाधीन करावे लागते. त्या वेळी पंच इतिहासाप्रमाणे निकाल जाहीर करतात. त्यास लेखी हरकत नोंदवून सही करावी. पुतळे फोमच्या खणांत निजवताना आधी घोडे, मग पायदळ, तोफा सर्वांत खाली.

पुढील साली पानिपत घेण्याचे घाटत आहे. दोन्ही फौजा यजमान रंगवणार असून बुणग्यांचे काम, त्यांची माहिती मला जन्मजात असणार या समजुतीने, माझ्याकडे सोपवण्यात आले आहे. कालच त्यांचे पत्र आले: यात्रेकरूंच्या बैलांच्या झुली कोणत्या रंगाच्या? मी उलट टपाली कळवले, हिरव्या, लाल काठाच्या.