निम्म्या ताकदीचा सातारकर

साताऱ्यात राहून एखादी गोष्ट निम्म्या ताकदीनं करायची म्हणजे गावाच्या इभ्रतीला बट्टा लावणं. डोक्यावर अजिंक्यतारा. पलीकडे सज्जनगड, तिथल्या समर्थांनी तरुणपणी रोज बाराशे सूर्यनमस्कार घातले असं आम्हाला शाळेपासून सांगत आलेत. जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक आणलं. माणच्या दुष्काळी पट्ट्यातली ललिता बाबर २०१६ साली रिओत तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. तीन हजार मीटर नुसतं धावायचं नाही, मध्ये अडथळे आणि पाण्याचा खड्डा. आम्ही एवढे अडथळे फक्त पोवई नाक्यावर पार करतो, तेही स्कूटरवरून.

आणि औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी! बाकीचे संस्थानिक वाघाच्या अंगावर पाय ठेवून फोटो काढून घेत होते, तेव्हा हा राजा प्रजेला सूर्यनमस्कार घालायला लावत होता. शाळांमधून सक्ती केली. स्वतः रोज घालायचे, राणीसाहेबांसकट. १९३८ साली त्यांचं सूर्यनमस्कारांवरचं पुस्तक लंडनमध्ये निघालं, म्हणजे साहेबालासुद्धा त्यांनी वाकायला लावलं. अशा जिल्ह्यात ‘मी आपला सावकाश येतो’ म्हणणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघत असतील याची कल्पना करा. मी ते बघणं रोज सकाळी सहा ते सात झेलतो.

माझ्या पाठीशी मात्र वाग्भट आहेत.

झालं असं, की गुडघा कुरकुरायला लागला म्हणून मी एका वैद्यबाईंकडे गेलो होतो. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली, पोटाकडे बघून काही बोलायचं टाळलं आणि विचारलं, ‘‘व्यायाम किती करता?’’ मी म्हटलं, ‘‘फारसा नाही.’’ त्या म्हणाल्या, ‘‘करा, पण एकदम अंगावर घेऊ नका. वाग्भटांनी अर्ध्या शक्तीनंच व्यायाम सांगितलाय.’’ त्यापुढे त्या बरंच काही बोलल्या असाव्यात. मी तिथेच थांबलो होतो. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच्या कुणी विद्वानानं आपल्या स्वभावाची एवढी दखल घेतली असेल असं वाटलंच नव्हतं. घरी येऊन त्यांच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदग्रंथाची मराठी प्रत मागवली आणि दुसरा अध्याय काढला, दिनचर्येचा. खरंच होतं. अर्ध्या शक्तीनं, तेही थंडीत आणि वसंतात. बाकीच्या दिवसांत त्याहून हळू. म्हणजे वसंत सरला की निम्म्याहूनही कमी! त्या पानावर मी बसची तिकिटं खूण म्हणून घालून ठेवली.

माझा मेव्हणा मात्र पूर्ण शक्तीवाला. वय एकतीस, नोकरी संगणकाची, पण बोलणं कायम पायांचं. पावसाळ्याच्या अखेरीस साताऱ्यात जी डोंगरावरची अर्धमॅरेथॉन होते, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि परत यायचं, ती तो धावतो. शर्यत एक दिवसाची, पण तिच्याबद्दल बोलणं बारा महिने. त्याच्या मनगटावरचं घड्याळ वेळ सोडून बाकी सगळं सांगतं. काल किती झोपलो हे त्याला उठल्यावर घड्याळाकडून कळतं.

‘‘दाजी, अर्धी शक्ती म्हणजे किती? आकडा सांगा,’’ तो म्हणाला.

मग त्यानंच हिशेब मांडला. दोनशे वीसमधून वय वजा करायचं, आलेला आकडा म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची ढोबळ कमाल मर्यादा. माझं वय ५२. उरले १६८. मी लगेच म्हटलं, ‘‘मग निम्मे ८४. तेवढे तर मला वीजबिल उघडतानाच होतात.’’ त्याच्या मते व्यायाम म्हणायचा तर कमालीच्या साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत तरी जायला हवं. म्हणजे शंभराच्या पुढे. मी म्हटलं, बिल चुकीचं आलं तर तेही होतं.

अखेर आम्हा दोघांना पटेल अशी कसोटी सापडली ती आरोग्यशास्त्रातच. मध्यम व्यायामाची खूण अशी, की चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं असा मध्यम व्यायाम सांगते. ही कसोटी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर लावली तर आख्खा सातारा उत्तीर्ण आहे. पहाटे चढणाऱ्या निवृत्तांच्या टोळ्या पायथ्याला नगरपालिकेचं पाणी या विषयावर सुरू होतात, पहिल्या वळणावर सून, दुसऱ्यावर शेअर बाजार, आणि मंगळाईच्या देवळाशी पोचेपर्यंत केंद्र सरकार पडलेलं असतं. कुणाच्या तोंडून श्वासासाठीसुद्धा एखादं वाक्य अर्धं राहत नाही. एक निवृत्त मास्तर आहेत, ते चढताना खड्या आवाजात अभंग म्हणतात. मेव्हण्यानं त्यांना नम्रपणे सांगितलं, ‘‘गुरुजी, गाता येतंय म्हणजे व्यायाम कमी पडतोय.’’ गुरुजींनी वेग वाढवला नाही. पट्टी वाढवली.

अजिंक्यताऱ्याच्या या किल्ल्याबद्दल माझी स्वतःची अशी एक भूमिका आहे. औरंगजेबानं डिसेंबर १६९९मध्ये त्याला वेढा घातला आणि एप्रिल १७००मध्ये तो घेतला. चार महिन्यांहून जास्त. मध्ये सुरुंग पेरले, त्यात तट ढासळला तो त्याच्याच माणसांवर. एवढा लवाजमा असून ज्याला चार महिने लागले, त्याला कुणी ‘वेग कमी आहे’ म्हटल्याची नोंद नाही. मला मधल्या बाकावर दोन मिनिटं टेकलेलं बघितलं की येणारा-जाणारा ‘‘काय, निम्म्यातच?’’ असं विचारून जातो.

एकदा मेव्हण्याबरोबर वर गेलो. चढताना त्रास झाला नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण चढताना मी बोलत होतो. उतरताना त्याला कामाचा फोन यायचा होता म्हणून आम्ही भराभर उतरलो. जवळजवळ धावतच. पाय आपोआप पडत होते आणि मला वाटत होतं, उतार म्हणजे देवानं दिलेली सवलत. दुसऱ्या दिवशी मी ठीक होतो आणि तसं दोघा-तिघांना फोन करून सांगितलंही. तिसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणावरून उठायला गेलो तर मांड्या माझ्या नव्हत्याच. जिना चढता येत होता. उतरताना मात्र कठडा धरून, पाठ खाली करून, एकेक पायरी उलटं यावं लागत होतं. खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला पाठमोरं येताना बघितलं आणि विचारलं, ‘‘काही विसरलात का?’’

‘‘लॅक्टिक ॲसिड साठलंय दाजी,’’ मेव्हणा म्हणाला. ही समजूत तालमीपासून जिमपर्यंत सगळीकडे आहे आणि सगळीकडे खोटी आहे. ते आम्ल तासा-दीड तासात रक्तातून निघून जातं, ते तिसऱ्या दिवसापर्यंत माझ्या मांडीत मुक्काम कशाला करेल? खरी भानगड उतारात असते. चढताना मांडीचा स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना तो ताणला जात असतानाच त्याला शरीर तोलून धरावं लागतं, आणि या ओढाताणीत त्याच्या तंतूंना बारीक बारीक इजा होतात. दुखणं लगेच येत नाही, दोन-तीन दिवस चढत जातं आणि मग आपोआप ओसरतं. मजा अशी, की एकदा असं दुखून गेलं की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उतारानं तेवढं दुखत नाही. स्नायू शिकतात. थोडं-थोडं वाढवत गेलं तर फारसं न दुखतासुद्धा शिकतात. वाग्भटांना हे तंतू-बिंतू ठाऊक नव्हते, पण निम्म्यावर थांबायला सांगून त्यांनी लाखो सातारकरांचे जिने वाचवले असते, कुणी ऐकलं असतं तर.

या दुखण्यावर आमच्या घरात एकच उपाय आहे, आई. वय ७८. तिनं वाग्भटांचं नावही ऐकलेलं नाही, पण तेल डोक्याला, कानाला आणि तळपायाला विशेष लावावं हे त्यांनी लिहिलेलं ती कुणी न सांगता करते. तिळाचं तेल कोमट केलं, मला पाटावर बसवलं आणि मांड्या अशा चोळल्या की वेदनेची जागा वेगळ्या वेदनेनं घेतली. मग तळपायाला तूप आणि काशाची वाटी. वाटी फिरता फिरता तळवा काळाकुट्ट झाला तेव्हा आई समाधानानं म्हणाली, ‘‘बघ किती उष्णता निघाली.’’ काशात तांबं असतं, त्याची आणि तुपाची घासाघाशीतली ती भानगड असते. वाटी थंड माणसाच्या पायावर फिरवली तरी काळंच होतं. पण झोप मात्र अशी लागली, की ‘उष्णता’ म्हणायला माझी हरकत नाही. शास्त्र मी मांडीपुरतं पाळतो, तळपाय आईचे.

तिनं मेव्हण्यालाही सोडलं नाही. शर्यतीच्या सरावात घामानं त्याच्या मांड्या आतून सोलवटल्या होत्या. ओल्या कातडीवर घर्षण जास्त, त्यात घाम वाळला की मिठाचे बारीक कण राहतात आणि ते काचपेपरचं काम करतात. त्यानं यासाठी परदेशी मलमाची कांडी मागवली होती, किंमत ऐकून आई उठली आणि खोबरेलाची बाटली घेऊन आली. ‘‘धावायच्या आधी लाव. कुठं सोललंय दाखव.’’ बहिणीच्या सासूला तो काय दाखवणार? ‘‘मावशी, बरं झालंय,’’ म्हणत तो असा उठून गेला, की त्या दिवसाचा त्याचा वेग घड्याळानं नोंदवायला हवा होता. खोबरेल मात्र घेऊन गेला. आता ते त्याच्या धावण्याच्या पिशवीत असतं, मलमाच्या कांडीच्या रिकाम्या खोळीत भरून, म्हणजे मित्रांसमोर लाज नको.

दिवाळीला आईचं उटणं असतं. नागरमोथा, वाळा, आंबेहळद, संत्र्याची वाळलेली साल, गव्हला कचोरा. दुकानातल्या पुडीवर तिचा विश्वास नाही. ‘‘त्यात नुसती मुलतानी माती,’’ हे तिचं मत पुडी न फोडता झालेलं आहे. कातडी तर सोडाच, कपाटालाही वास राहतो. वाग्भटांनी उटण्याचे गुण सांगताना कफ कमी होतो, अंग घट्ट होतं, कांती सुधारते, एवढ्यावर न थांबता चरबी विरघळते असंही म्हटलंय. मी हे घरात मोठ्यानं वाचून दाखवलं आणि नरकचतुर्दशीलाच कशाला, रोजच व्हायला काय हरकत आहे असं सुचवलं.

‘‘विरघळते की,’’ बायको म्हणाली. ‘‘चोळणाऱ्याची.’’

त्यानंतर उटण्याचा विषय दिवाळीपुरताच राहिला.

आहाराच्या बाबतीत मात्र ग्रंथ माझ्या बाजूला इतका होता, की मला सुरुवातीला छपाईची चूक वाटली. व्यायाम करावा तो बलवान आणि स्निग्ध खाणाऱ्या माणसानं. स्निग्ध! तूप, तेल, लोणी! मी त्या हिवाळ्यात डिंकाचे लाडू, अहळिवाचे लाडू, तुपातली मेथी, शेंगदाण्याची चटणी तेल घालून, अशी स्निग्धतेची बाजू मनोभावे सांभाळली. मेव्हणा तेव्हा डब्यातली प्रथिनांची पूड दुधात ढवळून पीत होता. मी त्याला दाखवलं, की शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साधारण पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात. त्यानं मला दाखवलं, की त्यातच चरबी त्याच्या जवळजवळ दुप्पट असते. ‘‘म्हणजे स्निग्ध,’’ मी म्हटलं. ग्रंथ आपल्या बाजूचा असला की वादात थकवा येत नाही.

इथं गाडी रुळावरून घसरली, आणि ती बायकोनं घसरवली. तिनं भावाला माझी अष्टांगहृदयाची प्रत वाचायला दिली. तो संगणकवाला माणूस, अटी आणि शर्ती शेवटपर्यंत वाचायची सवय. रविवारी दुपारी तो ती घेऊन आला, पानापानावर पिवळ्या रंगाच्या रेघा मारून. माझी बसची तिकिटं त्यानं काढून बाजूला ठेवली होती.

‘‘दाजी, हे बघा. ज्याला अजीर्ण आहे त्यानं व्यायाम करू नये.’’

‘‘बघ,’’ मी म्हटलं.

‘‘ते लाडवांमुळं झालेलं अजीर्ण धरत नाहीत. आणि हे बघा, अति व्यायाम, अति जागरण, अति चालणं, अति हसणं, अति बोलणं, हे करणारा हत्तीला ओढायला गेलेल्या सिंहासारखा नाश पावतो.’’

‘‘अति बोलणं,’’ बायको आतून म्हणाली. ‘‘ते पुन्हा वाच.’’

त्यानं पुन्हा वाचलं. मग मुख्य रेघेशी आला. अर्धी शक्ती सांगितली आहे ती बलवानाला. आळशाला काय सांगितलंय याचा तिथं उल्लेखच नाही. निम्मं कुठं आलं हे कळायच्याही खुणा आयुर्वेदात आहेत. कपाळावर, नाकावर, काखेत घाम यावा, तोंडाला कोरड पडावी. ‘‘तुम्हाला तोंडाला कोरड कधी पडलीय?’’ त्यानं विचारलं. मी विचार करत होतो तर बायकोनंच उत्तर दिलं, ‘‘कशी पडंल? बंद होतंय कधी?’’

‘‘तर मुद्दा असा दाजी,’’ मेव्हणा म्हणाला, ‘‘निम्मं काढायचं तर आधी पूर्ण किती ते मोजायला लागंल. येत्या रविवारी यवतेश्वर. पायथ्यापासून देवळापर्यंत एकदाच, जीव तोडून. मी घड्याळ लावतो. जो आकडा येईल त्याच्या निम्मं तुमचं जन्मभराचं, परत कोण काही बोलणार नाही. कबूल?’’

आईनं तेलाचं भांडं गॅसवर ठेवल्याचा आवाज आला. बायको दारात येऊन उभी राहिली. मी थोडा वेळ हिशेब केला. रविवारी मी निम्म्याच ताकदीनं चढलो, तर पुढं जन्मभर पाव ताकदीत भागणार होतं.

‘‘कबूल,’’ मी म्हटलं, आणि चेहरा जेवढा गंभीर करता येईल तेवढा केला.