सोवळ्यातली गुंतवणूक : नवख्या विश्वस्तांसाठी

आधी गंगाजळी जमवा. महिनाअखेर पगाराची ओढाताण असलेल्या विद्यापीठांनी हे पुढे वाचू नये. त्यांना सदाचार फुकटात मिळालेला असतो. आपण अमेरिकेतलं हार्वर्ड समोर ठेवू. २०२१च्या जूनअखेर त्यांच्याकडे ५३ अब्ज डॉलर होते. हा पैसा म्हणजे एक पेटी नव्हे. देणगीदारांनी आपापल्या अटी घालून ठेवलेले हजारो निधी त्यात आहेत, आणि वर्षाला साधारण ५ टक्के काढून पगार, शिष्यवृत्त्या भागवायच्या असतात. मुद्दल मोडायचं नाही, वरकमाईवर घर चालवायचं. पेन्शनीतल्या कुठल्याही काकांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

मग विद्यार्थी येतात आणि विचारतात, कोळसा-तेलाच्या कंपन्यांत आपला पैसा कशाला? इथे नवखा विश्वस्त गडबडून हो किंवा नाही म्हणून बसतो. तसं करू नये. २०१३ साली तेव्हाच्या अध्यक्षा ड्रू फाउस्ट यांनी पत्र लिहून नकार दिला : निधी शिक्षणासाठी आहे, समाज किंवा राजकारण बदलण्यासाठी नव्हे. शिवाय ज्यांचं तेल आपण रोज जाळतो, त्यांच्यावर बहिष्कार कोणत्या तोंडाने घालायचा? (हा मुद्दा खोटा नाही, म्हणूनच तो इतका कामाला येतो.) पुढच्याच वर्षी हार्वर्डने संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्यावर चालणाऱ्या जबाबदार गुंतवणुकीच्या तत्त्वांवर सही केली. विकायचं काही नाही, सही मात्र करायची. सहीला दलाली पडत नाही.

एखादा चौकस पोरगा जुनी दप्तरं उकरेल. तंबाखूचे शेअर तुम्ही १९९० मध्ये विकलेच होते ना? वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेतून पैसा काढून घेण्याच्या प्रश्नावर माजी विद्यार्थ्यांनी १९८९ मध्ये तिथल्या आर्चबिशप डेस्मंड टुटूंना थेट देखरेख मंडळावर निवडून दिलं होतं ना? अशा वेळी समिती नेमावी.

समितीचा अहवाल येईपर्यंत मैदानाकडे लक्ष ठेवा. नोव्हेंबर २०१९ मध्ये हार्वर्ड-येल फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात दोन्हीकडची पोरं येलच्या मैदानात उतरून ठिय्या देऊन बसली. खेळ खोळंबला. मैदानावर दिवे नाहीत, त्यात सामना जादा वेळेत गेला आणि कसाबसा अंधारात संपला. येल ५०, हार्वर्ड ४३. ऊर्जेच्या प्रश्नावर इतकं नेमकं प्रात्यक्षिक कुठल्याही समितीला जमलं नसतं.

यानंतर तारीख जाहीर करावी. हार्वर्डने एप्रिल २०२० मध्ये २०५० ही निवडली : तोपर्यंत गुंतवणुकीतलं निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणायचं. तारीख निवडताना स्वतःचं निवृत्तीचं वर्ष आधी पाहून घ्यावं.

आता खरी कसोटी, सोवळं. घरात सोवळ्याचा स्वयंपाक पाहिलेल्यांना हे चटकन उमगेल. सप्टेंबर २०२१ मध्ये अध्यक्ष लॉरेन्स बॅकाव यांनी कळवलं की तेल-कोळशाचा शोध घेणाऱ्या कंपन्यांत आपली थेट गुंतवणूक नाही आणि पुढे करण्याचा विचारही नाही. म्हणजे आपण स्वतः शिवलेलो नाही. खाजगी फंडांच्या हातून जे शिवलं गेलं, ते निधीच्या २ टक्क्यांहून कमी. जुने करार संपतील तसं तेही संपेल. ही पळवाट आहे असं लगेच समजू नका. अशा फंडात घातलेला पैसा वर्षानुवर्षं अडकतो. भिशी सुरू झाल्यावर मधेच आपला हप्ता परत मागणाऱ्याला लोक काय म्हणतात, ते आठवा.

सगळ्यात महत्त्वाचा बारकावा असा की, विद्यार्थी जो शब्द वर्षानुवर्षं मागत होते, 'निर्गुंतवणूक', तो त्या पत्रात कुठेही नव्हता. पोरांनी तो स्वतःच भरून घेतला आणि विजय जाहीर केला. करू द्यावा. पत्राची स्थळप्रत मात्र जपून ठेवा.