तुंडे, बाबा

(रिकामा रंगमंच. तो येतो. हातात लॅमिनेट केलेली गुणपत्रिका.)

नमस्कार! …आता लगेच बाजूच्याच्या कानात, "अरे, मराठी बोलतोय!" बोलतोय. परवा एका काकूंनी विचारलं, "हाऊ डू यू लाइक पुणे?" म्हटलं, "गुरुवारी पाणी नसतं, एरवी बरं आहे."

आई कसब्यातली, बाबा नायजेरियाचे, इबादानचे. पुण्यात पीएच.डी.ला आले. आधी लग्न झालं, मग मी झालो, मग थिसिस झाला.

माझं नाव बाबातुंडे. बाबांच्या योरुबा भाषेत बाबा म्हणजे बाबाच! 'बाबातुंडे' म्हणजे बाबा परत आले. आजोबा गेल्यावर नातू झाला की ठेवतात. तिकडे नाव आठव्या दिवशी, आपलं बारसं बाराव्या. मधले चार दिवस मी तिकडे बाबातुंडे, इकडे नुसताच 'तो'. आजीने नाव ऐकलं आणि हातच जोडले. "वक्रतुंडातलं तुंड हो!"

शाळेत बाईंनी ते मधोमध तोडलं. "तुंडे, बाबा!"
"हजर."
"बीडकडचे का रे?"

लग्नाला आईकडच्या आजोबांचा विरोध होता. बाबा भेटायला आले आणि दारातच सपशेल पालथे! योरुबा मुलगा वडीलधाऱ्यांपुढे असाच लोटांगण घालतो. आजोबा गडबडले. घरातली मुलं गुडघ्यापर्यंतसुद्धा वाकत नाहीत, आणि हा साष्टांग! तरी परीक्षा घेतलीच. "शिक्षण?" जमिनीवरूनच उत्तर आलं, "पीएच.डी. चालू आहे." आजोबा म्हणाले, "उठा. चहा घेणार?"

महाराष्ट्र झाला १ मे १९६० ला, नायजेरिया स्वतंत्र झाला १ ऑक्टोबर १९६० ला. आई म्हणते, आम्ही पाच महिन्यांनी मोठे, आमचं ऐकायचं. बाबा ऐकतात. विषय अभ्यासाचा असला की ऐकण्यासारखं काही उरतच नाही, दोघं एकच वाक्य एकदम बोलतात.

(गुणपत्रिका दाखवत) दहावी. आईने लॅमिनेट केली, खाडाखोड होऊ नये म्हणून. निकालाच्या दिवशी व्हिडिओ कॉल. इकडे कसब्याची आजी, तिकडे इबादानची. एकीचं अक्षर दुसरीला कळत नाही. आजीने कागद कॅमेऱ्याला चिकटवला आणि गणितावर बोट ठेवलं. ७१. तिकडून दातांतून हवा ओढल्याचा आवाज आला, (आवाज काढत) च्च्च्. इकडून आजी, (अगदी तसाच) च्च्च्. मग माझ्याकडे वळून, "बघ. त्यांनाही पटलेलं नाही."

मग माझं करिअर ठरलं. बाबांची यादी : डॉक्टर, वकील, इंजिनियर. आईची : सीए, कलेक्टर, इंजिनियर. म.सा.वि. काढला. झालो इंजिनियर.

नोकरी सोडली त्या रात्री जेवायला मसालेभात होता. जोलोफ म्हणजे तिकडचा टोमॅटोतला भात. बाबा मसालेभाताला 'जोलोफ, पण टोमॅटो विसरलेला' म्हणतात. मी म्हटलं, "मी विनोद करणार. स्टेजवर." चमचे थांबले. बऱ्याच वेळाने बाबा म्हणाले, "ठीक. वोले सोयिंका इबादानलाच शिकले. नाटकं लिहायचे. १९८६ ला नोबेल."
म्हटलं, "बाबा, माझा पहिलाच प्रयोग आहे."
आई म्हणाली, "म्हणून काय झालं? तयारी आत्तापासूनच करायची."

दोघं आज आलेत. तिसरी रांग. ती मांडीवर वही घेतलेली, ती आई. प्रत्येक विनोदाला दहापैकी मार्क देतेय. (वाकून) आई, आत्तापर्यंत सरासरी किती?

(अंधार. तिसऱ्या रांगेतून, दोन आवाजांत एकदम : च्च्च्.)