औली तेवढी राहिली

जानेवारी लागला की पुण्यात हुरड्याचे बेत ठरू लागतात. नेमका त्याच सुमारास एक गृहस्थ रात्री जेवण झाल्यावर मोबाइलमध्ये श्रीनगरचं हवामान उघडून बसतो. पश्चिमी झंझावात येतोय का, आला तर पीर पंजाल ओलांडतोय का, खाली नुसता पाऊस पाडून पळून तर जाणार नाही ना, ही त्याची काळजी. झंझावाताची बातमी वाचून नाशिकचा द्राक्ष बागायतदार कपाळाला हात लावतो. हा पेढे आणायच्या तयारीत असतो.

हा यादीवाला. पुण्यात हमखास सापडतो, ठाण्या-डोंबिवलीत शोधावा लागतो. वय पंचेचाळीस ते पंचावन्न, गुडघ्याला पट्टा, आणि खिशातल्या डायरीच्या मागच्या पानावर हिमालयातल्या ज्या उतारांवर अजून स्कीइंग करायचं राहिलंय त्यांची यादी. यादी मोबाइलमध्येही असते, पण खाडाखोड करायला कागदच बरा, असं त्याचं मत आहे. आणि या यादीत खाडाखोड फार होते.

त्याची सुरुवात बहुधा मनालीच्या पर्वतारोहण संस्थेतल्या चौदा दिवसांच्या कोर्सने झालेली असते. जन्म सह्याद्रीत भटकण्यात गेलेला, त्यामुळे बर्फ म्हणजे काय, थोडा पांढरा मुरूमच, अशा थाटात हा सोलांगला पोचतो. पहिले काही दिवस बूट घालण्यात आणि पडल्यावर उठण्यात जातात. शिकाऊ उतारावर लिफ्ट नसली, तर स्की पायाला लावूनच खेकड्यासारखं आडवं-आडवं वर चढायचं. वीस मिनिटं चढण, तीस सेकंद घसरण, पुन्हा वीस मिनिटं चढण. असा हिशेब पाहून शहाणी माणसं तिसऱ्या दिवशी मॉल रोडवर शाली बघायला जातात. याला मात्र त्या तीस सेकंदांत काय दिसतं कोण जाणे. परतीच्या बसमध्ये यादी तयार.

यादीत पहिला नंबर गुलमर्गचा असतो आणि तो बहुतेकांचा पुरा झालेला असतो. मग गुलमर्गचा इतिहास तो घरी आलेल्या कुणालाही ऐकवतो. तिथे ब्रिटिश अधिकाऱ्यांनी 1927 साली स्की क्लब काढला. गोंडोलाचा पहिला टप्पा 1998 मध्ये सुरू झाला, तो कोंगडोरीपर्यंत नेतो. दुसरा 2005 मध्ये, तो नेतो थेट अफरवटच्या खांद्यावर, जवळजवळ चार हजार मीटरवर. तिथून खाली अख्खा डोंगर मोकळा, आखीव मार्ग नाहीत, हिमस्खलनाचा धोका असला की गस्तीवाले दोर बांधून वाट बंद करतात. हे सगळं सांगून झाल्यावर तो एक घोट चहा घेतो आणि म्हणतो, "अफरवट केलं." वस्तुस्थिती अशी असते की अफरवटला तो गेला, स्की खांद्यावर घेऊन दहा मिनिटं उभा राहिला, खाली बघितलं आणि त्याच गोंडोलात बसून परत कोंगडोरीला आला. तिथून खाली मात्र खरंच घसरत आला. पण यादीत 'कोंगडोरी' कसं लिहिणार? ते काही कानाला भारदस्त लागत नाही.

2022 च्या बीजिंग ऑलिंपिकला भारताचा एकुलता एक खेळाडू गेला, तो गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्ग भागातला आरिफ खान. जायंट स्लॅलममध्ये पंचेचाळिसावा आला. यादीवाला हे अशा आवाजात सांगतो, जणू आरिफ त्याच्याच हाताखाली स्नो-प्लो शिकला. मनालीच्या आंचल ठाकूरने 2018 मध्ये तुर्कस्तानात ब्राँझ मिळवलं, तेव्हाही त्याने सोसायटीत असेच सत्कार स्वीकारले होते.

घरात त्याच्या या नादाची एक ठसठशीत खूण असते, ती म्हणजे इस्त्री. स्कीच्या तळाला मेण लावावं लागतं. मेणाची वडी गरम इस्त्रीला टेकवायची, ठिपके तळावर पाडायचे, मग त्याच इस्त्रीने ते सारखे पसरवायचे आणि थंड झाल्यावर प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढायचे. या कामासाठी वेगळी इस्त्री मिळते, हे त्याला ठाऊक असतं. पण घरात एक असताना दुसरी कशाला, हा पुणेरी हिशेब आडवा येतो. गॅलरीत दोन खुर्च्यांवर स्की उताण्या ठेवून हा रविवारी सकाळी मेण लावत बसतो. सोमवारी ऑफिसच्या निळ्या शर्टाच्या पाठीवर हाताएवढा तेलकट डाग उमटतो. "अहो, तुमची ती गुलमर्गं तुम्ही करा, पण माझी इस्त्री तेवढी सोडा," हे वाक्य त्या घरात दर हिवाळ्यात म्हटलं जातं. कोकणात बदली झालेल्या एका यादीवाल्याची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्या स्कीच्या पोलादी कडांना पावसाळाभर गंज चढायचा. तो कानस घेऊन बसला की शेजाऱ्यांना वाटे, कोयतीला धार लावतोय.

आता औली. औली हा यादीवाल्याचा मर्मबंध. जोशीमठच्या वर, समोर नंदादेवी, देवदार-बांजाच्या रानातून खाली येणारा लांबलचक उतार. खालून वर नेणारा सुमारे चार किलोमीटरचा रोप-वे. दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांमधलं स्कीइंग 2011 मध्ये इथेच झालं. त्यासाठी कृत्रिम बर्फ पाडणारी यंत्रं आणली, पाण्यासाठी डोंगरावर तळं बांधलं. तेव्हा यादीवाल्याने ठरवलं, आता चिंता मिटली, निसर्ग रुसला तरी यंत्र आहे. यंत्राला मात्र पाणी लागतं, वीज लागते आणि मुख्य म्हणजे थंडी लागते. हवाच पुरेशी गार नसेल, तर तोफेतून बर्फाऐवजी पाण्याचा फवारा उडतो. आणि पुरेशी गार हवा असती, तर औलीवर ही वेळच कशाला आली असती?

औली चुकायची कारणं त्याला तारीखवार पाठ आहेत. एका वर्षी बर्फ नव्हता. एका वर्षी इतका पडला की रस्ता बंद. एका वर्षी दोन्ही जमलं, तर मेहुणीचं लग्न फेब्रुवारीत निघालं. 2023 च्या जानेवारीत जोशीमठची जमीनच खचू लागली. घरांना तडे गेले, माणसं बाहेर काढावी लागली, रोप-वे थांबवला गेला. पुढच्या महिन्यात औलीला ठरलेल्या राष्ट्रीय स्पर्धाही बर्फाअभावी रद्द झाल्या. त्या हिवाळ्यात याने औलीचं नाव काढलं नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवायला हवं. डायरी कपाटात होती.

यादीतली बाकीची नावं तो भराभर वाचतो. नारकंडा : सिमल्यापासून दोन-अडीच तास, हाटू शिखराच्या अंगाखालचा छोटा उतार, सफरचंदाच्या बागा. कुफरी : एकेकाळी इथे स्कीइंगचा मोठा बोलबाला होता. आता याकवर बसून फोटो काढणाऱ्यांचा आहे, म्हणून नावावर रेघ. मुंडाली : चकराताच्या वर, कुणी फारसं जात नाही, म्हणूनच यादीत. दयारा बुग्याल : उत्तरकाशीकडचं विस्तीर्ण कुरण. उन्हाळ्यात इथे मराठी ट्रेकर्सची जत्रा असते, हिवाळ्यात वर जायचं तर आधी तंगडतोड. रोप-वे होणार, हे यादीवाला इतकी वर्षं ऐकतोय की त्याला आता रोप-वेपेक्षा बातमीचीच सवय झाली आहे.

एक नाव त्याने पेन्सिलने लिहिलंय. मनालीजवळचं हिमालयन स्की व्हिलेज. हेन्री फोर्डचा पणतू आल्फ्रेड फोर्ड कोट्यवधी डॉलर घेऊन आला होता. गोंडोला, हॉटेलं, युरोपाच्या तोडीचे उतार, सगळं कागदावर तयार. पण कुल्लूत सरकारच्या वर देव आहेत. 2006 मध्ये नग्गरला जगती भरली, म्हणजे खोऱ्यातल्या देवांची संसद. देवांनी आपल्या गुरांच्या तोंडून, म्हणजे अंगात येणाऱ्या पुजाऱ्यांच्या तोंडून, सांगितलं की हे नको. यातली गंमत अशी की फोर्ड स्वतः इस्कॉनचा दीक्षा घेतलेला कृष्णभक्त. पण तिथल्या देवांनी ओळख दाखवली नाही. प्रकल्प उभा राहिलाच नाही. यादीवाला मूळचा नास्तिक. तरी पेन्सिलचं ते नाव त्याने अजून खोडलेलं नाही, आणि कुल्लूतून जाताना देवळासमोर गाडीतूनच हात जोडतो. उगाच कशाला.

बरं, यादी कमी होत नाही, ती वाढते. 3 ऑक्टोबर 2020 ला अटल बोगदा खुला झाला, नऊ किलोमीटरचा. रोहतांग न ओलांडता हिवाळ्यात लाहौलला जायची सोय झाली आणि सिस्सू यादीत आलं. 2025 च्या जानेवारीत सोनमर्गचा बोगदा झाला आणि सोनमर्ग आलं. सरकारने जितके बोगदे खणले, तितकी या माणसाची शिल्लक रजा घटली.

त्याचा मावसभाऊ अमेरिकेत असतो. तिकडे एक पास काढला की पंचवीस-तीस डोंगर हिंडता येतात, लिफ्ट ठरल्या तारखेला सुरू होते, बर्फ कमी पडला तर रात्रभर यंत्रं पाडतात. फ्रान्सच्या त्रोआ व्हॅलेला तर सहाशे किलोमीटरचे आखलेले मार्ग एकमेकांना जोडलेले. यादीवाला हे ऐकून घेतो आणि म्हणतो, "म्हणजे सगळं आयतंच की रे." या वाक्यात हेवा किती आणि खरा तिटकारा किती, हे सांगणं अवघड. माझा अंदाज, हेवा बारा आणे.

यादीवाले एकमेकांना ओळखून असतात. महिन्यातून एकदा टिळक रोडच्या आसपासच्या कुठल्यातरी उपाहारगृहात तिघं-चौघं जमतात आणि एखादा उतार 'झाला' असं कधी धरायचं, यावर वाद घालतात. भाड्याच्या स्कीवर केलेलं चालतं का? चालतं. मे महिन्यात रोहतांगच्या मळकट बर्फावर, शेजारी भुट्टेवाला उभा असताना केलेलं? इथे फूट पडते. एकाचं म्हणणं, उतार किमान इतका हवा की थांबायचं कसं हा प्रश्न पडला पाहिजे. दुसऱ्याचं म्हणणं, त्याला तो प्रश्न सपाटीवरही पडतो. गुलमर्गला 2024 च्या जानेवारीत बर्फच नव्हता, नुसतं पिवळं गवत. तेव्हा एकजण बुकिंग फुकट जाऊ नये म्हणून गोंडोलातून वर जाऊन आला होता. त्याला अर्धा गुण द्यावा की नाही, यावर दोन मिसळी आणि चार कटिंग खर्ची पडले. दिला नाही.

मागच्या बैठकीत मात्र मोठाच पेच आला. आपल्या यादीवाल्याची मुलगी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची, मैत्रिणींबरोबर औलीला कोर्स करून आली. रोप-वेच्या भानगडीत न पडता रस्त्याने वर गेली. बर्फ चांगला होता. रोज दिवसभर स्कीइंग, दोनदा जोरात आपटली, एकदा हसण्यावारी. बापाला फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही उगाच थांबला होतात." बाबांनी विचारलं, "नंदादेवी दिसली?" ती म्हणाली, "हो, पण आम्ही खाली बघत होतो."

तर बैठकीत त्यांनी विषय मांडला की घरातल्या एकाने केलं, तर औली निदान अर्धी झाली असं धरावं. स्की त्यांच्याच होत्या, मेण त्यांनी लावलेलं, इस्त्री सौ.ची. त्यावर बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले सभासद शांतपणे म्हणाले, "असं धरायचं, तर माझा थोरला मेहुणा फौजेत होता, गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलला, दोन हिवाळे. मग माझं अफरवट वरपासून खालपर्यंत झालं. तुमचं कुठपर्यंत झालंय म्हणालात?"

यादीवाल्याने मिसळीत आणखी तर्री मागवली आणि विषय सोनमर्गच्या तिकिटांकडे नेला.