ठकीचं बिऱ्हाड

निवृत्तीनंतर आपली माणसं नातवंडं सांभाळतात, चारधाम करतात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत शिरून पार्किंगवरून भांडतात. आम्ही न्यू जर्सीतलं चार बेडरूमचं घर विकलं आणि दोन कुत्र्यांना घेऊन ट्रेलरमध्ये राहायला गेलो. गाडीच्या मागे जोडायचा, वाटेल तिथे न्यायचा आणि बारा महिने त्यातच संसार करायचा. बातमी पुण्याला पोचायला एक दुपार पुरली. आत्याचा फोन आला. आवाज खाली आणून म्हणाली, "अगं, खरं सांग. मुलाने बाहेर काढलं का?"

मुलाने काढलं नव्हतं. उलट त्यालाच घाम फुटला होता, कारण आमच्या तळघरातलं सगळं सामान आता त्याच्या गॅरेजात जाणार होतं.

ट्रेलर सोळा फुटी. ऐकायला बरं वाटतं. पण त्यातले पुढचे तीन फूट म्हणजे गाडीला अडकवायचा लोखंडी दांडा. त्यावर गॅसची टाकी बसते, माणूस नाही. राहायला उरतात १३ फूट, रुंदी ६ फूट ८ इंच. म्हणजे भिंतींची जाडी धरून जेमतेम ८७ चौरस फूट. मी गिरगावात दहा बाय बाराच्या खोलीत वाढले. ती मला हल्ली ऐसपैस वाटते. शिवाय तिला गॅलरी होती.

फायबरग्लासच्या या बुटक्या ट्रेलरांचं मूळ कॅनडात. १९६८ मध्ये विनिपेगला 'बोलर' नावाचा ट्रेलर निघाला. वरचा अर्धा आणि खालचा अर्धा वेगवेगळ्या साच्यांतून काढायचा आणि करंजीसारखा कडेने जोडायचा. लाकडी सांगाडा नाही, सांधे कमी, म्हणून गळायला जागाही कमी. आमचा 'स्कॅम्प' त्याच कुळातला, मिनेसोटातल्या बॅकस नावाच्या गावी जन्मलेला.

थोड्या जागेत कसं राहायचं हे चाळीने शिकवलं होतं. वजनाचं काही शिकवलं नव्हतं. आमचा ट्रेलर भरून ३,५०० पौंडांच्या वर जाता कामा नये. पाणी गॅलनमागे ८.३ पौंड, म्हणजे बारा गॅलनची टाकी भरली की शंभर पौंड तिथेच खर्ची पडले. त्यातून एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या दांड्यावर यावा लागतो. कमी आला तर महामार्गावर ट्रेलर मागे डुलायला लागतो, आणि आरशात ते डुलणं बघणं आमच्या वयाला झेपत नाही. म्हणून नवऱ्याने बाथरूमचा काटा काढला आणि घरातली एकेक वस्तू त्यावर ठेवून वहीत नोंद करायला बसला. आईचा पितळी खलबत्ता: सात पौंड. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या ड्रिल मशीनकडे पाहिलं. खलबत्ता आला. कुत्र्यांच्या खाण्याची चाळीस पौंडी गोणी मात्र काट्यापर्यंत गेलीच नाही. तिच्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हे दोघांनाही न बोलता ठाऊक होतं.

आता मंडळींची ओळख. बंडू काळा, पासष्ट पौंडांचा, लॅब्रेडॉर अधिक आणखी कोणीतरी. ठकी अकरा पौंडांची, चिवावा अधिक बरेच जण. दोघंही शेल्टरमधली, त्यामुळे कूळ-गोत्राचा कागद नाही. काही खासगी आरव्ही पार्कांत पिटबुल, रॉटवायलर, जर्मन शेफर्ड यांना मज्जाव असतो. काउंटरवरची बाई बंडूच्या जबड्यावर नजर ठेवून "हा नक्की कोण?" असं विचारते, आणि नवरा न मागितलेली रेबीजची सर्टिफिकेटं भराभर पुढे करतो. चावरी आहे ती ठकी. तिला आजवर कोणी काही विचारलेलं नाही.

ट्रेलरच्या मधोमध एक अरुंद वाट आहे. ती बंडूची. सकाळी मला चहा करायचा असेल तर आधी नवऱ्याने पाय वर घ्यायचे, मग बंडूने उठून शेगडीपासून दाराशी जायचं. दाराशी गेला की त्याला वाटतं, फिरायला निघालो. तो शेपूट हलवतो, शेपटीने ओट्यावरचं साखरेचं भांडं जातं, ते खणखणलं की ठकी जागी होऊन शत्रू शोधायला लागते. चहा होईपर्यंत शेजारच्या कॅम्पवाल्यांचीही झोप झालेली असते. फोडणीचं तर बोलायलाच नको. मोहरी तडतडली की डोक्यावरचा धुराचा अलार्म बोंबलतो, आणि बंडू मान वर करून त्याच्या सुरात सूर मिसळतो. म्हणून फोडणी आता बाहेर, झाडाखाली. हिंगाच्या वासाने आजवर जेवढे शेजारी जोडले गेले तेवढे न्यू जर्सीच्या गल्लीत आयुष्यभर जोडले गेले नव्हते.

उन्हाळ्यात एसी कुत्र्यांसाठी चालतो. आम्ही त्याचा लाभ घेतो इतकंच. वीज तीस अँपिअरची, म्हणजे सगळं मिळून ३,६०० वॉट. एसीवर मायक्रोवेव्ह आणि किटली एकदम लावली की अंधार. त्यात कॅम्पग्राउंडची वीज आपल्या मर्जीची मालकीण. कुत्र्यांना आत ठेवून जायचं तर जिवाला घोर. म्हणून आत तापमान मोजणारं यंत्र बसवलंय, ते मोबाइलवर ओरडतं. एका गावी मराठी मंडळाच्या गणपतीला गेलो होतो. आरती अगदी रंगात आली आणि नवऱ्याचा खिसा किंचाळला: आत ८५ अंश. फॅरेनहाइट असले म्हणून काय झालं! हा गृहस्थ हातातल्या मोदकासकट पार्किंगकडे धावला. मागून कोणीतरी हळहळलं, "कोण होतं हो त्यांचं?"

निघण्याआधी मोठ्या उमेदीने नॅशनल पार्कांचा ज्येष्ठ नागरिक पास काढला होता. वय ६२ झालं की ८० डॉलरमध्ये आयुष्यभराचा. आयुष्यभराच्या गोष्टी या वयात स्वस्त मिळतात. पण तो पास माणसांचा. बहुतेक नॅशनल पार्कांत पायवाटांवर कुत्र्यांना बंदी. पट्टा सहा फुटांहून लांब नको, आणि यलोस्टोनमध्ये तर रस्त्यापासून शंभर फुटांपलीकडे पाऊल नको. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर त्यांना हिंडता येतं, काठाखाली उतरता येत नाही. तेव्हा आम्ही पाळ्या लावल्या. आधी तो दरीत उतरणार, मी काठावर पट्टे धरून बसणार, मग उलट. त्याच्या पाळीत त्याला काँडोर दिसला. माझ्या पाळीत खेचरं दिसली. हा विषय आमच्याकडे अजून मिटलेला नाही.

ॲरिझोनातलं पेट्रिफाइड फॉरेस्ट मात्र दिलदार. तिथे पायवाटांवर कुत्री चालतात. वीस कोटी वर्षांहून जुनी, दगड झालेली झाडं जमिनीवर आडवी पडलेली, नवरा हात मागे बांधून भारावून उभा, आणि बंडूने त्यातलं एक चांगलंसं खोड हेरून पाय उचलला. मी पट्टा ओढला म्हणून भूगर्भशास्त्र वाचलं.

एरवी आमचा मुक्काम सरकारी रानात. नॅशनल फॉरेस्ट किंवा बीएलएम या सरकारी जमीन खात्याची माळरानं, जिथे बहुधा चौदा दिवस फुकट राहता येतं. कुत्र्यांना कोणी हटकत नाही. नळ नाही, वीज नाही, शेजारी असलाच तर हाकेच्या अंतरावर. साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्सच्या अशाच एका रानात ठकीने संध्याकाळी गळपट्ट्यातून मान सोडवली आणि झुडपात गेली. तिच्या मागून बंडू, पट्ट्यासकट आणि नवऱ्यासकट. पुढे स्कंक होता.

स्कंक शेपूट उचलून जे फवारतो त्याचा वास लिहून सांगता येणार नाही. जळका लसूण, जळकं रबर आणि कुठलीशी जुनी गटारं एकत्र आली, तरी ती या वासापेक्षा सभ्य. बंडूच्या तोंडावर नेम बसला होता. ठकी शहाणी. ती त्याच्या अंगाला अंग घासून मग थेट ट्रेलरमध्ये शिरली आणि माझ्या उशीवर तोंड पुसलं.

नवरा आयुष्यभर रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होता. त्याचा चेहरा उजळला. "थायॉल!" तो म्हणाला. शेजारचा भला माणूस टोमॅटोच्या रसाचे डबे घेऊन धावत आला. त्याला तिथेच उभं करून नवऱ्याने व्याख्यान दिलं. टोमॅटोने वास जात नाही, नाकच दमतं. वास असतो थायॉलचा, त्याचं ऑक्सिडेशन करावं लागतं. १९९३ मध्ये पॉल क्रेबॉम नावाच्या रसायनतज्ज्ञाने त्याची कृती 'केमिकल अँड एंजिनिअरिंग न्यूज'मध्ये जाहीर केली, तीही सहकाऱ्याच्या मांजरावरून सुचलेली. एक क्वार्ट तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, पाव कप बेकिंग सोडा, चमचाभर भांडी घासायचा द्रव साबण. ताजं कालवायचं, डोळे सांभाळून चोळायचं, पाच मिनिटांनी धुवायचं. बाटलीत भरून ठेवलं तर आतल्या ऑक्सिजनने बाटली फुटते, म्हणून ते तयार विकत मिळत नाही. शेजारी रसाचे डबे धरून शेवटपर्यंत उभा होता. वाऱ्याची दिशा बघता ते सौजन्यच.

पेरॉक्साइड आणायला नवरा गावात गेला. दुकानातल्या मुलीने एकदा नाक मुरडलं, बाटल्यांकडे पाहिलं आणि न विचारता म्हणाली, "बेकिंग सोडा पाचव्या रांगेत." तेवढ्या वेळात आत्याचा नेमका फोन. तिने डाळीचं पीठ आणि हळद सुचवली. मी कंदिलाच्या उजेडात दोघांना अभ्यंगस्नान घातलं. टाकीतले बारा गॅलन त्यातच संपले, आम्ही दोघं ओल्या रुमालाने अंग पुसून झोपलो. वास गेला. बंडूच्या काळ्या मानेवर पेरॉक्साइडने सोनेरी झाक आली, ती त्याला शोभते असं शेजाऱ्याचं मत.

दुसऱ्या दिवशी एडिसनहून नणंदेचा फोन. "वहिनी, सप्टेंबरात आम्ही दोघं तिकडेच येतोय. हॉटेल कशाला, तुमच्याकडेच उतरू." मी आनंदाने हो म्हटलं. सांगितलं, जेवणाचं टेबल खाली केलं की त्याचा पलंग होतो, दोघांना पुरेसा.

"वा!" ती म्हणाली.

"फक्त तिथे ठकी झोपते."

पलीकडे जरा शांतता. मग तिने जपून विचारलं, "मग आम्ही आल्यावर ठकी कुठे झोपेल?"

नवरा मागून ओरडला, "तिला विचार, त्यांना ठकी मधे चालेल की कडेला?"

नणंदेने जवळच्या कस्टर गावातल्या हॉटेलांची नावं मागितली. मला कुत्री चालतात अशीच हॉटेलं ठाऊक आहेत. तीच दिली.