बॉस्टनहून नगरकरांचे वृत्त

ती. बाबा व ती. सौ. आईस,


‘पत्रात मी-मी फार असतं, बातमीसारखं लिहा,’ हा बाबांचा हुकूम. तेव्हा चिरंजीव, सूनबाई आणि नात या तिघांची खबर यापुढे तिऱ्हाइताच्या तोंडून.

इथल्या उपासनेनंतर कॉफीच्या टेबलाशी ठरलेला प्रश्न येतो: ‘तुम्ही ख्रिस्ती केव्हा झालात? इकडे आल्यावर?’ सूनबाईंचं उत्तर तयार असतं. याच मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावी ६ फेब्रुवारी १८१२ रोजी मिशनरी गॉर्डन हॉल आणि त्याच्या चार सोबत्यांचा दीक्षाविधी झाला. हॉल आणि सॅम्युअल नॉट पुढच्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले, १८३१ मध्ये मिशनचं ठाणं नगरला पडलं आणि १८४२ मध्ये नगरहूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागलं. ‘म्हणजे तुम्हीच पाठवलेलं पार्सल परत आलंय,’ असं सांगून त्या कॉफी ओतून घेतात.

पार्सलातून टाळ निघतील, हे मात्र मंडळीला ठाऊक नव्हतं.

कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि कीर्तन काही सोडलं नाही. नाताळच्या भक्तीत चिरंजीवांनी त्यांचं भजन धरलं. पियानोवाल्या बाई शेवटपर्यंत ताल शोधत राहिल्या. नातीने सगळ्यांना मांडी घालायला लावली होती. भजन संपल्यावर पाळकसाहेबांना दोघांनी धरून उठवलं.

शेजारी एक आजोबा राहतात. देवाधर्माचं नाव काढलं तरी भुवया चढतात. बर्फ पडला की चिरंजीव आपल्याबरोबर त्यांचंही दार मोकळं करतात. ‘चर्चचं आमंत्रण असेल तर बर्फ राहू दे,’ आजोबांनी पहिल्याच दिवशी बजावलं. चिरंजीव म्हणाले, ‘आमंत्रण नाही. फावडं तेवढं आणलंय.’

नाताळात सूनबाईंनी त्यांना करंज्या-चकल्यांचा डबा दिला. तो परत आला तेव्हा त्यात सफरचंदाचा पाय होता आणि एक चिठ्ठी: येशूच्या जन्माला हे तिखट चाक कशासाठी? नात खुलासा करायला गेली, ती अंधार पडल्यावर परतली. चकलीवरून सुरू झालेलं बोलणं गव्हाणीपर्यंत पोहोचलं होतं म्हणे.

ईस्टरला येणार की नाही, हे आजोबांनी सांगितलेलं नाही. टाळांबरोबर आणखी काय वाजतं, एवढंच विचारलंय. तरी येणाऱ्या कुणाबरोबर एक बरी ढोलकी पाठवावी. बॅगेत मावत नसेल, तर आईने भरलेल्या पापडांतले थोडे कमी करावेत.

आपले,
वरील तिघे